दुसरा डोळा

मिसाओ पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आली,
जगनाथ बुधवारीत, आमच्या गल्लीत,
बांबूच्या कमच्या भिजत पडलेल्या,
बडग्याचं धड खाटेवर, मुंडकं न्हाणीत वाळत.
तिला कागदाची माणसं बघायची होती.
बाबा म्हणाले, "पाह्य ना बाप्पा,
सध्या या घरात जित्याहून तेच जास्त हायेत."

जाताना तिने पिशवीतून एक लाल गोळा काढला.
हात नाही, पाय नाही. भुवया, मिशा,
आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरी वर्तुळं,
चुना फासल्यासारखी.
दारुमा. तोही लगद्याचाच.
बाबांनी नखाने वाजवून पाहिला:
"पेपरची रद्दी नाही. चांगला कागद हाये."

मागणं मागायचं, त्याचा डावा डोळा रंगवायचा.
फळलं की उजवा.
"म्हंजे ओलीस ठेवाचं त्याले?"
ओलीस म्हणजे काय, हे तिला सांगताना
माझी पुरेवाट झाली.
कळल्यावर ती इतकी हसली की चहा सांडला.

मग तिने वही उघडून देव दाखवले.
एकाच जहाजातून येणारे सात जण.
बेन्तेन, मांडीवर वीणेसारखं काहीतरी:
ती आपली सरस्वती, फार जुन्या काळी तिकडे गेलेली.
"नीट हाये ना तिथं?" बाबांनी विचारलं,
सासरच्या माणसाला विचारावं तसं.
दाइकोकू म्हणजे महाकाल,
पण तिकडे तो हसतो,
तांदळाच्या पोत्यांवर उभा, पायाशी उंदीर.
बाबा बराच वेळ चित्र बघत राहिले.
"इकडं त्याले कोनी हसू देल्लं नसन."

सीताबर्डीत मी कामाला आहे त्या मोबाइलच्या दुकानात
काउंटरवर सोनेरी मांजर आहे, सेलवर पंजा हलवते.
आम्हाला वाटायचं, टाटा करते.
मिसाओ म्हणाली, नाही, ये म्हणते.
तेव्हापासून रात्री शटर ओढताना
तिच्याकडे पाठ करवत नाही.

ती गेली त्या रात्री, सगळे निजल्यावर,
बाबांच्या काळ्या रंगात काडी बुडवून
मी डावा डोळा काढला.
काय मागितलं ते इथेही लिहीत नाही.
बाबांना वाटलं, लग्न.
आईला वाटलं, पगारवाढ.
दोघांनाही तसं वाटू दिलं.

वर्षभर तो फ्रीजवर बसला, काणा.
मे महिन्यात कूलरच्या वाऱ्याने डुलायचा.
शेजारची पोरं टिचकी मारून आडवा पाडायची,
"उठ बे!" म्हणायची,
आणि तो उठायचा. वजन सगळं बुडात.

मिसाओ म्हणाली होती, वर्ष सरलं की त्याला
देवळात नेऊन जाळतात,
फळो न फळो, आभार मानून.
आमच्याकडे शिव्या देऊन जाळतात.
ईडा पीडा, खोकला, खड्डे, महागाई,
घेऊन जा गे मारबत.

यंदा पोळ्याच्या रात्री मी उशिरा घरी आले.
दारात बडग्या उभा, ओला, बटबटीत डोळ्यांचा.
आणि फ्रीजवर दारुमा.
दोन डोळे.

बाबा कुंचला पुसत होते.
"सात मुंडके झाले आज. हात चालूच होता.
याचा एक डोया राह्यलेला दिसला, म्हनून..."
माझा चेहरा पाहून थांबले.
"काऊन वं? चुकलं काय?"

उजवा डोळा डाव्याहून मोठा, जरा तिरपा,
बडग्याचाच डोळा, लबाड,
अख्ख्या मोहल्ल्याच्या भानगडी ठाऊक असलेला.
मी मागितलेलं झालेलं नाही.
आता ते फळलं असं धरायचं,
की त्याला नुसतंच दिसायला लागलं?
मिसाओला फोटो पाठवला.
तिकडे रात्रीचे दोन वाजले होते.

सकाळी ताशे सुरू झाले.
बाबा म्हणाले, "याले बी टाकू काय
बडग्याच्या पोटात?"
मी नाही म्हटलं.
मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली, भांडी वाजू लागली,
आणि तो डुलला,
एकदा खिडकीकडे, एकदा माझ्याकडे,
दोन वेगवेगळ्या डोळ्यांनी.